दूध सोडताना मनाचा हिशेब

घरातल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलीने एके दिवशी "आजपासून मी दूध घेणार नाही" असे जाहीर केले, की मराठी घरात पहिली प्रतिक्रिया हसण्याची असते आणि दुसरी रागाची. मटण-मासे सोडले असते तर कोणी फारसे मनावर घेतले नसते. त्याला आपल्याकडे परंपरा आहे. चातुर्मास आहे, माळकरी आहेत. पण दूध? म्हणजे चहा गेला, ताक गेले, वरणभातावरचे तूप गेले, श्रीखंड गेले आणि सत्यनारायणाचे पंचामृतसुद्धा गेले! आजी म्हणते, "कृष्णाने खाल्लेलं लोणी हिला चालत नाही." मुलगी म्हणते, "वासराच्या तोंडचं काढून आणलेलं मला नको, आजी." दोघींचेही म्हणणे मनापासूनचे असते. पुढे वर्षा-दोन वर्षांनी ती मुलगी चिडचिड करू लागली, गप्प बसू लागली, तर सारे घर एकमुखाने निकाल देते: दूध सोडले म्हणून डोक्यावर परिणाम झाला.

या निकालात तथ्य किती आणि राग किती, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये जन्मला. डोनाल्ड वॉटसन या सुतारकाम शिकवणाऱ्या शिक्षकाने मूठभर सहकाऱ्यांसह व्हीगन सोसायटी काढली. मांस, मासे, अंडी आणि दूधदुभते, म्हणजे प्राण्यापासून मिळणारे काहीही खायचे नाही, असा त्यांचा नेम. वॉटसन २००५ साली, पंचाण्णव वर्षांचा होऊन वारला. तेव्हा या आहाराने माणूस खचतोच, असे म्हणता येणार नाही.

आपल्याकडे हा प्रश्न त्याहून जुना आहे. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर असताना दूध सोडले होते. १९१८ साली ते फार आजारी पडले, अंगात ताकद येईना. डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला, तेव्हा कस्तुरबांनी वाट काढून दिली: व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, शेळी नव्हती. गांधीजींनी शेळीचे दूध घेतले. पण व्रताचा शब्द पाळला आणि अर्थ मोडला, ही रुखरुख त्यांनी आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे. दुधाची जागा घेईल अशी एखादी वनस्पती कोणी दाखवावी, म्हणून ते वैद्य-डॉक्टरांना विचारत राहिले.

त्यांच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा तुकडा हाती आला तो १९४८ साली, ते गेले त्याच वर्षी. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जवळजवळ एकाच वेळी शास्त्रज्ञांनी बी-१२ हे जीवनसत्त्व वेगळे काढले. ते ना वनस्पती तयार करतात, ना प्राणी. ते करतात फक्त सूक्ष्म जंतू. गाईच्या पोटातले जंतू ते बनवतात, तिथून ते दुधात येते. पालक, मेथी, डाळी, बदाम यांत ते नसते. आंबवलेल्या इडली-डोशावर किंवा आंबिलीवरही त्यासाठी भरवसा ठेवता येत नाही.

माणसाची रोजची गरज किती? दोन-अडीच मायक्रोग्रॅम, ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाला मायक्रोग्रॅम म्हणतात. पण एवढ्याशा वस्तूवाचून रक्तातल्या तांबड्या पेशी नीट बनत नाहीत आणि मज्जातंतूंवरचे आवरण झिजू लागते. मग पायाला मुंग्या येतात, अंधारात तोल जातो. याच्या जोडीने किंवा याच्याही आधी मनाची लक्षणे दिसू शकतात: उदासी, विसरभोळेपणा, चिडचिड, क्वचित संशय आणि भास. १९८८ साली अमेरिकेत जॉन लिंडेनबाम आणि सहकाऱ्यांनी बी-१२ च्या अभावाने मज्जातंतूंचे वा मनाचे विकार झालेले १४१ रुग्ण तपासले. त्यांतल्या ४० जणांना रक्तक्षय नव्हता आणि रक्तपेशीही फुगलेल्या नव्हत्या. "हिमोग्लोबिन चांगलं आहे ना, मग झालं तर" हे आपले घरगुती समाधान किती पोकळ आहे, ते यावरून कळावे.

सारी आयुष्ये बँकेच्या खातेवहीत घातलेल्या माझ्यासारख्याला यातली एक गोष्ट लगेच कळते. शरीर बी-१२ ची शिल्लक यकृतात ठेवते आणि भरलेले खाते काही वर्षे पुरते. लंडनमधला एखादा तरुण मांस-अंडी-चीज खात मोठा झालेला असतो. तो व्हीगन झाला, तर भरल्या खात्यातून रक्कम काढू लागतो. आपल्या शाकाहारी घरातली मुलगी जन्मापासून कशावर वाढली? पेलाभर दुधात जेमतेम एक मायक्रोग्रॅम बी-१२ असते, आणि चहात आपण दूध घालतो ते चार-सहा चमचे. तिचे खाते आधीच तळाला असते. पुण्यातल्या संशोधकांनी ग्रामीण, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी आढळले, आणि मध्यमवर्गीयांचे प्रमाण सर्वांत जास्त होते. हे लोक व्हीगन नव्हते. दूध-दही खाणारी, आपल्यासारखीच माणसे होती.

म्हणून विलायतेतली पुस्तके वाचून दूध सोडणाऱ्या आपल्या मुलांना एवढेच सांगायचे, की त्या पुस्तकांतला वाचक वेगळ्या शिलकेवर सुरुवात करतो. आणि त्यांना हसणाऱ्या वडीलधाऱ्यांना सांगायचे, की तुमची शिल्लकही एकदा तपासून घ्या. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि आम्लपित्ताच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांत बी-१२ चे शोषण कमी होऊ शकते. आजी नाव विसरते, आजोबा उगाच संतापतात, आणि आपण "वय झालं" म्हणून मोकळे होतो. पण असा विसर वेळेवर लक्षात आला तर पुष्कळदा भरून निघतो. फार उशीर झाला तर झीज कायमची राहते. नातीच्या आहाराची चिंता करणाऱ्या आजीचीच तपासणी आधी करायला हवी, असेही घर असू शकते.

मग व्हीगन आहाराने नैराश्य येते का? मांस न खाणाऱ्यांत नैराश्य अधिक, असा निष्कर्ष २०२० साली अनेक पाहण्या एकत्र करून काढला गेला. त्या कामाला अमेरिकेतल्या गोमांस उत्पादकांच्या निधीचे साहाय्य होते, हेही जाता जाता लक्षात ठेवावे. उलट अमेरिकेतल्या सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथातल्या शाकाहारी लोकांची मनःस्थिती मांसाहाऱ्यांपेक्षा बरी दिसली, असे २०१० सालचा एक अभ्यास सांगतो. मला सर्वांत बोलका वाटतो तो २०१२ सालचा जर्मन अभ्यास. तिथे शाकाहार करणाऱ्यांत मनाचे विकार अधिक आढळले खरे, पण बहुतेकांचा विकार आधीचा होता आणि आहार नंतर बदलला होता. दुखावलेले मन कधी कधी इतरांच्या दुःखाने अधिक हलते, कधी आहारावर ताबा मिळवून आयुष्यावर ताबा मिळवल्याचा दिलासा शोधते. म्हणजे दूध सोडले म्हणून मन बिघडले, असा सरळ हिशेब नेहमी लागत नाही. मुलगी एकेक पदार्थ सोडत चालली असेल, वजन घटत असेल, पंगत टाळत असेल, तर प्रश्न दुधाचा राहिलेला नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे.

आणखी एक कारण कुठल्याही रक्ततपासणीत सापडत नाही. ते म्हणजे एकटेपणा. आपल्याकडे प्रेम ताटात वाढतात. मोदकावर तूप नको म्हणणाऱ्याला आपण चार लोकांत चेष्टेचा विषय करतो, "एका पेढ्याने काय होतंय" म्हणून हात धरतो. ज्याला रोज प्रत्येक घासाचे समर्थन करावे लागते, तो माणूस हळूहळू जेवायला बसेनासा होतो. पुरणपोळीबरोबर नारळाचे दूध वाढले म्हणून सणाचे काही बिघडत नाही. कोकणात नारळाच्या रसातली शिरवाळी पिढ्यान् पिढ्या खाल्ली जातात. त्याला कोणी व्हीगन म्हटले नव्हते, एवढेच.

उपाय साधे आहेत. खुद्द व्हीगन सोसायटीच सांगते, की बी-१२ गोळीतून रोज १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्याला २००० मायक्रोग्रॅम घ्यावे, नाहीतर ते घातलेले पदार्थ नियमाने खावेत. गोळीतले बी-१२ जंतूंपासूनच तयार करतात, तेव्हा त्यात तत्त्वाला बाधा नाही. अभाव आधीच झाला असेल तर मात्रा आणि इंजेक्शन डॉक्टरने ठरवायचे. मीठ आयोडीनयुक्त असू द्यावे. सैंधवाच्या हौसेपायी आयोडीन कमी पडले तर थायरॉइड मंदावतो आणि उदासी तिथूनही येते. जेवणात जवसाची चटणी असावी, आणि लोह शोषले जावे म्हणून जेवणाला लागून चहा घेऊ नये. नैराश्याची औषधे चालू असतील तर ती मात्र जीवनसत्त्वाच्या भरवशावर बंद करू नयेत.

दया हा काही रोग नव्हे, आणि ती करणाऱ्याला आजारी पडण्याची सक्तीही नाही. शेळीच्या दुधाचा पेला हातात घेताना गांधीजींना जी रुखरुख सोसावी लागली, ती आजच्या मुलांना सोसावी लागणार नाही. एका छोट्या गोळीने ती सोय केली आहे. ती मुले घेत आहेत ना, एवढे घरच्यांनी पाहावे, आणि बाकीचे त्यांच्या विवेकावर सोपवून ताटात भात वाढावा.