कागदावरचा नियम, पटावरचा नियम

२०२२ च्या दिवाळीच्या सुटीत नातवंडे आमच्या आंजर्ल्याच्या घरी जमली होती. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली की पडवीत सतरंजी पडे आणि तिच्यावर कागद, पेन्सिली व चित्रविचित्र आकारांचे फासे मांडले जात. चार पैलूंचा, आठ पैलूंचा, वीस पैलूंचा. सहांखेरीज पैलूंचा फासाही असतो, हे मला साठी उलटल्यावर प्रथम कळले.

थोरला नातू इंजिनीअरिंगला आहे. तो म्हणाला, “आजोबा, या वेळी नुसते खेळायचे नाही. नवे नियम तपासून अभिप्राय पाठवायचा आहे.” तपासणी हा शब्द ऐकून माझ्यातला बँक अधिकारी सतरंजीवर जाऊन बसला.

वाचकांसाठी थोडी ओळख. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावाहून १९७४ मध्ये प्रकाशित झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे जनक. यात सोंगट्यांची शर्यत नसते. एक सूत्रधार कथा सांगतो आणि बाकीचे त्या कथेतील एकेक पात्र होतात. पात्र काय करू पाहते ते खेळणारा बोलून सांगतो. ते जमले की फसले, हे फासा ठरवतो. पात्राला एक पेशा असतो, त्याला मुले ‘क्लास’ म्हणतात. प्रारंभी योद्धा, जादूगार आणि धर्मोपदेशक असे तीनच पेशे होते. पुढे ते वाढत गेले. कोणत्या पेशाला काय साधते, हे नियमांनी बांधलेले असते. आपल्या जुन्या ज्ञानबाजीच्या पटावर कवड्या पडतील तसा जीव वर चढतो किंवा घसरतो, खेळणाऱ्याच्या हाती निवड नसते. येथे निवड हाच खेळ आहे, म्हणून नियमाचे वजन मोठे.

नियम आधी खेळून पाहण्याची चाल या खेळात जन्मापासून आहे. गायगॅक्स यांनी आपला पहिला डाव घरी मांडला, तेव्हा खेळायला त्यांची स्वतःची दोन मुले होती. २०१२ पासून झालेल्या जाहीर चाचणीत पावणेदोन लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला आणि २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली. त्या आवृत्तीच्या नियमांची पुन्हा दुरुस्ती करण्यासाठी २०२२ च्या ऑगस्टपासून मसुदे प्रसिद्ध होऊ लागले. सप्टेंबरअखेरच्या मसुद्यात तीन पेशांचे सुधारित नियम होते. त्यांपैकी ‘रेंजर’, म्हणजे रानवाटांचा जाणकार, हा नववीतल्या नातीने घेतला.

मी एक सूचना केली. बँकेत संगणक आला तेव्हा काही काळ खातेवही आणि संगणक दोन्ही समांतर चालवीत असू. रोजची बेरीज जुळली तरच विश्वास. तसेच येथे करावे. कथा एकच ठेवावी, आधी जुन्या नियमांनी खेळावी, मग नव्यांनी. मुलांना ते पटले. कथाही गावचीच निघाली: खाडी, कड्यावरचे देऊळ, पुळणीवर कासवाचे घरटे आणि त्यातील अंडी चोरून घाटावर पळालेली टोळी.

जुन्या नियमाप्रमाणे रेंजरने आरंभी एक परिचित प्रदेश निवडायचा असे. नातीने अर्थातच समुद्रकिनारा निवडला. किनाऱ्यावर प्रवास चालला तोवर तिची टोळी वाट चुकू शकत नव्हती आणि अन्न शोधले तर दुप्पट मिळे. धाकटा नातू कंटाळून म्हणाला, “चुकणारच नाही, तर शोधायचे कशाला?” आणि कथा घाट चढू लागताच तिची ही सारी पुंजी निरुपयोगी झाली. मला कोअर बँकिंगपूर्वीचे दिवस आठवले. खाते ज्या शाखेत, व्यवहार त्याच शाखेत. खेडच्या खातेदाराने चिपळूणच्या काउंटरवर उभे राहून काय करावे? या तक्रारी जगभर होत्या. कंपनीने २०१६ मध्येच या पेशाची एक सुधारित आवृत्ती चाचणीसाठी दिली होती.

दुसऱ्या संध्याकाळी नवा मसुदा घेतला. प्रदेशाची निवड गेली. तिच्या जागी दोन कौशल्यांत विशेष प्रावीण्य आले, ते कोठेही चालणारे. शिवाय एक जादूची खूण आली. शत्रूवर ती केली की त्याचा माग काढणे सोपे जाते आणि प्रत्येक घावाला एक जादा फासा मिळतो. वाचताना नवा नियम सर्वांनाच सरस वाटला होता. खेळतानाही डाव वेगाने पुढे सरकला. अडला तो एकाच ठिकाणी.

सौ. बाजूला वाती वळत बसल्या होत्या. आदल्या रात्रीच त्यांनी मुलांना यशोधर राजाची कथा सांगितली होती. राजाने बळी दिला तो पिठाचा कोंबडा, तरीही तो दोष त्याला जन्मोजन्मी भोगावा लागला. तेव्हा नातीने निश्चय केला की चोर पकडायचे, मारायचे नाहीत. तिने खूण केली, माग काढला, झोपलेल्या टोळीतून अंडी अलगद परत आणली. सूत्रधार भाऊ म्हणाला, “छान. पण घाव घातलाच नाहीस, मग तो जादा फासा वाया गेला.” ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मग या नियमात माझ्यासारखीसाठी निम्मेच आहे.”

अभिप्रायाच्या प्रश्नावलीत ती ‘समाधानी’वर टिचकी मारून मोकळी होईल असे मला वाटले. डाव रंगला होता, भाऊ खूश होता. परंतु तिने मोकळ्या जागेत लिहिले: नवा नियम कोठेही उपयोगी पडतो, हे चांगले. जुन्यात माझ्या पात्राला गाव होते, ते आता राहिले नाही. आणि जो मारणार नाही, त्याला खुणेचा अर्धाच लाभ मिळतो. तिने ते दोनदा वाचले, एक शब्द बदलला आणि पाठवून दिले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नोकरीच्या आरंभीच्या काळात मी किनाऱ्यावरच्या एका शाखेत होतो. सही नमुन्याशी तंतोतंत जुळल्याशिवाय रक्कम देऊ नये, असे परिपत्रक आले. तोवर ओळखीच्या वृद्ध खातेदाराची सही थरथरली तर अधिकारी आपल्या जबाबदारीवर पैसे देत असे. ती मुभा गेली. आठवड्याभरातच एक म्हातारे गृहस्थ तरीने खाडी ओलांडून पत्नीच्या औषधासाठी पैसे काढायला आले. मी त्यांना ओळखत होतो. सही जुळली नाही. मी स्लिप परत केली. ते काही बोलले नाहीत. स्लिपची घडी करून खिशात ठेवली आणि पायऱ्या उतरून गेले.

नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, लबाडी रोखायची होती. त्यांनी तो काउंटरवर चालवून पाहिला नव्हता, इतकेच. तो चालवून पाहणारा मी होतो, आणि कोठे अडतो ते मला आठवड्यात कळले होते. वरच्या कार्यालयाला चार ओळी लिहिण्यास मला कोणीही मनाई केली नव्हती. मी परिपत्रकावर ‘नोंद घेतली’ असा शेरा मारला आणि ते फाईलला लावले.

मुलांच्या चाचणीचे पुढे काय झाले, तेही सांगतो. या कंपनीची रीत अशी की साधारण सत्तर टक्के समाधान नसेल तर नियम पुन्हा घडवायला घेतात. २०२३ मध्ये पशुरूप घेणाऱ्या ‘ड्रूइड’ पेशासाठी ठरावीक साचे सुचवले होते. प्रत्येक प्राण्याचे वेगळेपण त्यात हरवते, असे खेळणाऱ्यांनी कळवले आणि ते साचे मागे घेतले गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये सुधारित पुस्तक आले. त्यात रेंजरची ती खूण मात्र कायम आहे, जादा फाशासह. नातीचे मत अल्पमतात गेले. मी सांत्वन करू लागलो, तर ती म्हणाली, “आजोबा, मला जिंकायचे नव्हते. त्यांना ठाऊक असायला हवे होते.”

आपल्या घरांत दुकाने आहेत, पेढ्या आहेत. उधारीचा, सुटीचा, माल परत घेण्याचा नियम आपण गादीवर बसून ठरवतो. तो गिऱ्हाइकासमोर चालवतो काउंटरवरचा मुलगा. पुढच्या वेळी नियम बदलाल तेव्हा पंधरा दिवस कच्चा ठेवा आणि कोठे अडतो ते त्याला विचारा. तो प्रथम “ठीक आहे, शेठ” असेच म्हणेल. मीही चाळीस वर्षांपूर्वी तेच म्हटले होते. म्हणून त्याला पुन्हा एकदा विचारा.

जय जिनेंद्र.