परसबागेचे खेळते भांडवल

शाळेच्या हातपंपाखालच्या ओलीवर वाढलेले अळू, कुंपणावर चढलेला घेवडा आणि कोपऱ्यातला शेवगा यांना आता सरकारदरबारी ‘शालेय पोषण बाग’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. ते बरेच झाले. नावाखेरीज आपल्याकडे कशालाही लेखाशीर्ष मिळत नाही. २०१९ साली केंद्राने या बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मध्यान्ह भोजनाच्या निधीतून एका बागेमागे ५,००० रुपये देण्याची सोय केली. अंगणवाड्यांसाठी ‘पोषण वाटिका’ आल्या.

कल्पना मात्र जुनीच. १९३७ साली वर्ध्यात नई तालीमचा विचार मांडला गेला, तेव्हा हाताचे काम हेच शिक्षणाचे माध्यम मानले गेले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पाने, बिया आणि खडे यांतूनच मुलांना शिकवले.

गरज किती आहे, ते आकडेच सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. शाळेत पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी मिळावी असा दंडक आहे; म्हणजे शंभर मुलांना पाच किलो. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन या साऱ्यांसाठी मिळून मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, हा १ मे २०२५ पासूनचा दर. धान्य तेवढे वेगळे. या पैशांत बाजारची पालेभाजी किती बसणार, हे घर चालवणाऱ्या कोणत्याही गृहिणीने सांगावे. शाळेची बाग रोज पाच किलो देणार नाही, हे खरे. पण आठवड्यातून एक-दोनदा आमटीत पालक किंवा शेवग्याचा पाला पडला, तरी ताट बदलते. शिवाय स्वतः लावलेली मेथी मूल सहसा टाकत नाही.

मग अडते कुठे? बँकेच्या नोकरीत मी ग्रामीण कर्जाच्या योजना पाहिल्या. अनुदानासह म्हैस दारात यायची. पण वैरणीचा आणि म्हैस आटल्यानंतरच्या दिवसांचा हिशेब कागदावर क्वचितच असे. दूध थांबले की म्हैस विकली जाई आणि कर्ज मागे उरे. परसबागेचे तेच होते. ५,००० रुपयांत कुदळ, झारी, जाळी आणि पहिले बियाणे येते. दुसऱ्या वर्षीच्या बियाण्याचे, मोडलेल्या कुंपणाचे आणि मे महिन्यातल्या पाण्याचे काय? शाळेला सुट्टी लागते, नेमके तेव्हाच ऊन वाफे जाळते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर भांडवली खर्च मंजूर झाला, खेळते भांडवल कोणी दिलेच नाही.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. शंभर मुलांच्या तीन दिवसांच्या आहाराचा खर्च दोन हजार रुपयांच्या घरात जातो. तेवढी रक्कम दरवर्षी बागेच्या नावाने ठेवावी, आणि ती मेअखेरपूर्वी शाळेच्या हाती पडावी. पेरणी जूनच्या पावसावर होते, मार्चएंडच्या घाईत नव्हे. सुट्टीत पाणी घालणाऱ्या स्वयंपाकीण बाईला किंवा बचत गटाला वेगळे मानधन द्यावे. आहार योजनेचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. हाही त्याच प्रमाणात उचलता येईल. जिथे अंगणच नाही, त्या अंगणवाडीला कुंड्या आणि गोण्या चालतील.

शिक्षकांच्या मागे आणखी एक काम, ही तक्रार रास्त आहे. शिक्षकाने बागेतून गणित आणि विज्ञान शिकवावे. राखणीचे काम पगारी माणसाचे. बियाण्याचा खर्चही कमी होऊ शकतो. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बँकच उभी केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मुलांनीही भोपळ्याच्या चार बिया राखेत घोळून ठेवायला शिकावे.

आपण पालकांनी नुसते कौतुक करून भागणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीत आपलेच प्रतिनिधी बसतात. पुढच्या बैठकीत त्यांना एवढेच विचारावे : बागेसाठी या वर्षी किती पैसे आले, आणि मे महिन्यात पाणी कोण घालणार? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर पहिल्या प्रश्नातली रक्कम बुडीत खाती गेली असे समजायला हरकत नाही.