गाठ साधी, बरं होणं साधं नाही

खालापूर तालुक्यातल्या एका वस्तीतल्या ताई आम्हाला म्हणाल्या, "सिस्टर, कॅन्सर नाही म्हणून सांगितलं. मग आता घरात सगळ्यांना वाटतं, मी नाटक करते." डावा कान गेलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं, चालताना भिंतीचा आधार. घरच्यांचं म्हणणं एकच: ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आता कामाला लाग.

या गाठीला अकॉस्टिक न्यूरोमा म्हणतात. कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या, तोल सांभाळणाऱ्या नसेवर ती वाढते. लाखात वर्षाला एखाद-दोघांना होते. अंगात पसरत नाही, वाढतेही हळूहळू. पण कवटीत मोकळी जागा कुठे असते? मोठी झाली की मेंदूच्या देठावर दाब येतो, डोक्यात पाणी साठतं, जीवही जाऊ शकतो. म्हणून 'साधी' या शब्दावर आमचा राग आहे.

सुरुवात किरकोळ वाटते. एकाच कानाने कमी ऐकू येतं, त्याच कानात शिट्टी वाजत राहते. ताई दोन वर्षं फोन उजव्याच कानाला लावत होत्या. कोणी कानात तेल घातलं, कोणी मळ काढला. तोल जायला लागला तेव्हा, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातूनच, त्यांना भगताकडे नेलं. लिहायला लाज वाटते, पण झालं ते झालं. एकच कान जाऊ लागला तर कानाच्या डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री करा, ते म्हणाले तर एमआरआय. लवकर सापडलेली गाठ प्रत्येक वेळी कापावी लागतेच असं नाही. काहींना किरणोपचार देतात, काहींवर नुसती नजर ठेवतात.

ऑपरेशनासाठी आपली माणसं लोकलने मुंबईला केईएम नाहीतर जेजे गाठतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात; रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. बुडालेली मजुरी मात्र योजना भरून देत नाही, आणि खरी लढाई घरी आल्यावरच सुरू होते.

चेहऱ्याची नस या गाठीला अगदी खेटून असते. ती दुखावली की त्या बाजूचा डोळा मिटत नाही. उघडा डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होते, नजर जाऊ शकते. दिवसा थेंब, रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीने बंद, एवढं तरी चुकवू नका. वॉर्डात असताना आम्ही हे दहादा सांगायचो, तरी घरी गेल्यावर थेंब संपले की पुन्हा आणले जात नसत. नाकातून पाण्यासारखं गळू लागलं, किंवा ताप येऊन मान आखडली, तर वाट न बघता ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात न्या.

तोल परत येतो, कारण दुसऱ्या बाजूचा कान हळूहळू ते काम उचलतो. त्यासाठी चालावं लागतं. अंथरुणात पडून राहिलं तर उशीर होतो. नसा सावकाश भरतात, चेहऱ्याला महिने लागतात, कधी वर्षही. गेलेला कान बहुधा परत येत नाही. पोरांना 'हल्क' माहीत आहे ना, तो मार्क रफालो? त्यालाही हीच गाठ होती. चेहरा सुधारला, डावा कान गेला तो गेलाच.

ताईंना आता कंपनीत हॉर्न कुठून वाजला ते कळत नाही. एका कानावर आवाजाची दिशा ओळखताच येत नाही. पण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'बहिरे' आणि 'कमी ऐकू येणारे' या दोन्ही व्याख्या दोन्ही कानांच्या आहेत. म्हणजे कागदावर ताई धडधाकट. हलकं, मशीनपासून दूरचं काम मागायला त्यांच्या हातात दाखला नाही.

हा नियम बदलावा, आणि ऑपरेशननंतरची फिजिओथेरपी आणि कानाची तपासणी कर्जत-खालापुरातच ठरलेल्या वारी मिळावी, यासाठी आम्ही अर्ज लिहिला आहे. येत्या पौर्णिमेला विहारात सह्या घेणार आहोत. पहिली सही ताईंची आहे.