नखऱ्यांचं बिल

इटालियन मोटरसायकल घेतली की पहिल्या महिन्यात एक शब्द इतक्यांदा कानावर पडतो की तो ओनर्स मॅन्युअलमध्येच छापलाय की काय, अशी शंका यावी. कॅरेक्टर. सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही? कॅरेक्टर. एप्रिलच्या दुपारी मांड्या भाजतायत? कॅरेक्टर. पेट्रोलचा काटा अर्ध्यावरून थेट रिझर्व्हवर उडी मारतो? अरे भावा, इटालियन आहे ती. नखरे करणारच!

एरवी मराठीत हा शब्द कुजबुजत वापरतात. सोसायटीतली एखादी मुलगी रात्री अकराला घरी आली की पार्किंगमध्ये तिचं ‘कॅरेक्टर’ निघतं. त्याच पार्किंगमध्ये, तीच माणसं, बाईक तिसऱ्यांदा सेल्फ मारूनही उठली नाही की तिच्या कॅरेक्टरचं कौतुक करतात. बाईने नखरे केले तर ती वाया गेलेली, आणि यंत्राने केले तर ते खानदानी.

माझ्याकडे अशी एक बाईक आहे. पाच महिने, चार हजार दोनशे किलोमीटर. कंपनीचं नाव सांगणार नाही, शोरूमचंही नाही, कारण माझं भांडण एका कंपनीशी नसून या शब्दाशी आहे. आणि बाईक मला आवडते. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर ‘मग जपानी घ्यायची होतीस’ म्हणणारे लगेच रांग लावतील.

कॅरेक्टर नावाची गोष्ट असते, हे मला मान्य आहे. ९० अंशाच्या व्ही-ट्विन इंजिनात दोन्ही पिस्टन क्रँकच्या एकाच पिनवर काम करतात. त्यामुळे स्फोट समान अंतराने होत नाहीत. पहिल्यानंतर दुसरा २७० अंशांनी होतो, आणि मग पुढचा थेट ४५० अंशांनी. म्हणून त्या इंजिनाचा आवाज शिलाई मशीनसारखा एकसुरी न येता थोडा लंगडत येतो. मोटो गुझीने हेच इंजिन आडवं फिरवून बसवलं. क्रँकशाफ्ट बाईकच्या लांबीच्या दिशेने आणि सिलिंडर दोन्ही बाजूंना, कान पसरल्यासारखे. उभ्या बाईकला जरा थ्रॉटल दिला की अख्खी बाईक किंचित उजवीकडे झुकते. पहिल्यांदा बसणारा दचकतो. पण ही चूक नाही. कोणीतरी ड्रॉइंग बोर्डवर बसून हे झुकणं मान्य केलं, कारण त्याच्या बदल्यात दोन्ही सिलिंडरना सारखा वारा मिळाला आणि चेनऐवजी शाफ्ट सोप्या रस्त्याने मागच्या चाकापर्यंत नेता आला.

डुकाटीचं डेस्मो त्याच जातीचं. साध्या इंजिनात व्हॉल्व्ह कॅमने उघडतो आणि स्प्रिंगने बंद होतो. १९५०च्या दशकातल्या स्प्रिंगा फार वरच्या आरपीएमला दगा द्यायच्या. व्हॉल्व्ह वेळेत बंदच व्हायचा नाही. फाबिओ तालिओनीने १९५६ मध्ये डुकाटीच्या रेसिंग बाईकमध्ये व्हॉल्व्ह बंद करायलाही कॅमच लावला. इंजिन जास्त फिरू लागलं. त्याची किंमत म्हणजे क्लिअरन्स तपासायला जास्त काम, जास्त तास, जास्त बिल. सौदा समोर मांडलेला होता. घ्यायचा तर घ्या.

म्हणजे कोणीतरी ठरवून केलं, बदल्यात काय मिळालं ते सांगता येतं, तर ते कॅरेक्टर. जे कोणी तपासलंच नाही, त्याला आमच्या धंद्यात बग म्हणतात.

माझी बाईक पहिल्या हजार किलोमीटरमध्ये सात वेळा बंद पडली. दरवेळी तसंच. वेग कमी, थ्रॉटल पूर्ण बंद, क्लच दाबलेला, आणि इंजिन गप्प. सातवी वेळ भूमकर चौकाच्या अंडरपासमध्ये. संध्याकाळी सातचं ट्रॅफिक, मागे बस, आणि दोनशे किलोचं धूड पायांनी ढकलणारा मी. बसचा ड्रायव्हर जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही, पण त्यात ‘कॅरेक्टर’ हा शब्द नव्हता.

पहिल्या सर्व्हिसला मी तारीख, वेळ, वेग, इंजिनचं तापमान असं सगळं तक्ता करून नेलं. (हो, मी तसला माणूस आहे.) सर्व्हिस अॅडव्हायझरने तक्त्याकडे न बघता सांगितलं, “सर, इटालियन आहे ना. थोडी गरम करून घेत जा. मग बघा, कशी लाडात येते.” ओनर्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं, तर एका ज्येष्ठ दादांचं उत्तर आलं, “ती तुझी परीक्षा घेतेय. तिला समजून घे.” खाली चौदा अंगठे. त्याच ग्रुपवर दोन आठवड्यांपूर्वी एकाने सांगितलं होतं की ताम्हिणीत एका वळणावर इंजिन असंच बंद पडलं, तो आडवा झाला आणि कॉलरबोन मोडलं. त्याला मिळालेला पहिला सल्ला होता, “थ्रॉटल कंट्रोल शीक, भावा.”

ताम्हिणीतल्या त्या माणसाचा मेसेज मी पुन्हा वाचला आणि दुसऱ्या खेपेला अॅडव्हायझरला म्हटलं, “ठीक आहे, मग जॉबकार्डवर लिहून द्या. तक्रार: इंजिन बंद पडणे. निदान: कॅरेक्टर. खाली सही.” त्याने पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं, पेन ठेवलं आणि आतून वर्कशॉप मॅनेजरला बोलावून आणलं. मग लॅपटॉप निघाला. बाईकच्या ईसीयूसाठी कंपनीचा अपडेट आलेला होता, आयडलिंगच्या वेळच्या इंधनाच्या प्रमाणात दुरुस्ती करणारा. माझी बाईक शोरूममधून बाहेर पडण्याच्याही आधी आला होता. कोणी लावलाच नव्हता. पंचवीस मिनिटांत लावून झाला. त्यानंतर इंजिन एकदाही बंद पडलेलं नाही.

म्हणजे ज्या गोष्टीला लाड, परीक्षा, स्वभाव म्हटलं जात होतं, ती इन्स्टॉल न केलेली एक फाइल होती. आमच्याकडे प्रॉडक्शन सर्व्हर रोज संध्याकाळी एकदा झोपत असता आणि पॅच आधीच तयार असता, तर ऑन-कॉल असलेल्या माणसाला रात्री दोनला उठवून जाब विचारला असता. ‘सर्व्हर इटालियन आहे’ असं सांगून कोणी सुटलं नसतं.

इथे मुद्दा माझ्या दोन सुट्ट्यांचा नाही. हा शब्द तक्रारीला तक्रार होऊच देत नाही. चौदा जणांनी अंगठा दाखवला, त्यातल्या किती जणांच्या बाईका बंद पडत असतील? त्यांच्यापैकी कोणी जॉबकार्डवर लिहिलं नाही, म्हणून कंपनीच्या आकड्यांत तो दोष वाढला नाही, म्हणून अपडेट लावण्याची घाई कोणाला झाली नाही. कॉलरबोन मात्र मोडलं. आणि ज्याचं मोडलं त्यालाच वाटत राहिलं की आपल्याला चालवता येत नाही.

गंमत म्हणजे इटलीची सगळ्यात गाजलेली दुचाकी ज्याने बनवली, त्याला असल्या नखऱ्यांचा तिटकारा होता. कोर्रादिनो दास्कानिओ हा विमानं आणि हेलिकॉप्टरवाला इंजिनिअर. मोटरसायकली त्याला मुळीच आवडायच्या नाहीत. पंक्चर झाली की चाक काढायचं जिकिरीचं काम, चेनच्या तेलाने कपडे खराब, बसायला अवघड. म्हणून १९४६च्या व्हेस्पात त्याने चेनच ठेवली नाही. इंजिन मागच्या चाकापाशी नेलं, पायांसमोर पत्रा लावला आणि विमानाच्या लँडिंग गिअरसारखं पुढचं चाक एकाच बाजूने धरलं, म्हणजे ते चटकन काढता येईल. त्या माणसासमोर कोणी ‘बंद पडते, पण त्यातच मजा आहे’ असं म्हटलं असतं, तर त्याने काय केलं असतं याची मी मजेत कल्पना करतो.

ती व्हेस्पा आपल्याकडेही आली. बजाजने परवान्याखाली ती १९७१ पर्यंत बनवली, आणि पुढच्याच वर्षी त्याच वळणाची चेतक आणली. पुढची तीन-एक दशकं घरोघरीचे बाबा थंडीच्या सकाळी स्कूटर एका बाजूला आडवी करायचे, पुन्हा उभी करायचे आणि मग किक मारायचे. मूळ रचना इटालियन, नखराही अस्सल. पण त्याला कॅरेक्टर म्हटल्याचं मी घरच्या मोठ्यांकडून कधी ऐकलेलं नाही. ‘कटकट’ म्हणायचे, किंवा काहीच म्हणायचे नाहीत. कारण त्या काळात नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर स्कूटर मिळायची. तक्रार करून जाणार कुठे? लायसन्स राजने शिकवलेला तो सोशिकपणा आपण तीस वर्षांपूर्वी सोडला, असं आपल्याला वाटतं. सोडलेला नाही. त्याला लेदर जॅकेट घातलंय आणि ईएमआय लावलाय.

शंभर सीसीची बाईक रस्त्यात बंद पडली की आपण तिला ‘खटारा’ म्हणतो. डिलिव्हरी करणाऱ्या पोराची बाईक दोन तास बंद राहिली तर त्याची त्या दिवसाची कमाई जाते. त्याला बाईकच्या स्वभावाशी काही देणंघेणं नाही, आणि तो मेकॅनिकच्या डोक्यावर उभा राहून काम करून घेतो. जास्त पैसे मोजलेला मात्र जास्त समजूतदार होतो. खरं तर उलट व्हायला हवं.

यावर ठरलेलं उत्तर असतं, की सगळं निर्दोष झालं तर आत्मा जातो. हे उत्तर जुनं आहे आणि पूर्वी एकदा महागात पडलेलं आहे. १९६९ साली होंडाने सीबी ७५० आणली. चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, बटण दाबलं की सुरू. त्या वेळी ब्रिटिश मोटरसायकलींची तेलगळती हा त्यांच्या खानदानीपणाचाच भाग समजला जायचा. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो उद्योग जवळपास झोपला. कारणं पुष्कळ होती, पण गळणाऱ्या तेलात आत्मा शोधणारं गिऱ्हाईक हे त्यातलं एक होतंच, असं माझं मत आहे. त्या गिऱ्हाइकाने कारखान्यांना सुधारायचं कारणच दिलं नाही.

इटालियन मात्र यातून शिकले. त्यांचे भक्त शिकले नाहीत. २०२० मध्ये डुकाटीने मल्टिस्ट्राडासाठी नवं व्ही४ इंजिन आणलं आणि त्यातून डेस्मो काढून साध्या स्प्रिंगा बसवल्या. आता स्प्रिंगा चांगल्या मिळतात, आणि लांबच्या प्रवासाच्या बाईकला रेसचे आरपीएम लागत नाहीत. फायदा काय, तर व्हॉल्व्हची क्लिअरन्स ६०,००० किलोमीटरवर तपासायची. बोलोन्यातल्या इंजिनिअरांनी स्वतःच्याच कंपनीची सगळ्यात पवित्र गोष्ट हिशेब करून बाजूला ठेवली. भक्तांनी गळे काढले. मला तर तो निर्णय सगळ्यात इटालियन वाटला, कारण तोही कोणीतरी ठरवून घेतलेला होता.

आणि तो लंगडा ठेका? तो निर्दोषपणाबरोबर सुखाने नांदतो. रॉयल एन्फिल्डच्या ६५० सीसी ट्विनमध्ये २०१८ पासून २७० अंशांचा क्रँक आहे, ठेका तोच. अॅप्रिलियाच्या ४५७ मध्येही आहे, आणि ती बाईक बनते बारामतीत, पियाजिओच्या कारखान्यात, पुण्यापासून शंभर किलोमीटरवर. ‘इटालियन आहे, नखरे करणारच’ म्हणणाऱ्यांनी आता एवढंच सांगावं, की हे नखरे उत्तर इटलीच्या हवेतून येतात की बारामतीच्या? बारामतीत कोणाचे नखरे चालतात आणि कोणाचे नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पौड रोडला एक अण्णा आहेत. तीस वर्षं गॅरेज चालवतात. माझ्या बाईकचा आवाज ऐकून त्यांनी टॅपेटबद्दल जे सांगितलं ते पुढे वर्कशॉपमध्ये तंतोतंत खरं निघालं. पण अण्णा तिला हात लावू शकत नाहीत. म्हणजे नट खोलता येतात, पण एरर कोड वाचता येत नाही, आणि ऑइल बदललं तरी डॅशबोर्डवरचा सर्व्हिसचा दिवा विझवता येत नाही. त्यासाठी शोरूमचा लॅपटॉप लागतो. अण्णा म्हणतात, “गाडी तुमची, दिवा त्यांचा.” सरकारने २०२२च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही धरली आहेत. पण पोर्टल असणं वेगळं आणि अण्णांच्या हातात कोड पडणं वेगळं. ही मागणी रेटायला हवी ती आम्ही, म्हणजे मालकांनी. आम्ही मात्र रविवारी पहाटे लोणावळ्याला चहा पीत, कोणाची बाईक कशी रुसली, याचे किस्से सांगतोय.

माझी मागणी फार मोठी नाही. फोनवरच्या प्रत्येक अॅपच्या अपडेटला काय बदललं याची चार ओळींची नोंद असते. माझ्या चेसिस नंबरवर आजवर कोणते अपडेट आले, त्यातले कोणते लागले, कोणते राहिले, याची यादी मला दिसली पाहिजे. पुढच्या सर्व्हिसला ती मी लेखी मागणार आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘दोष’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. मी कायदा उघडून पाहिला, ‘कॅरेक्टर’ची दिलेली नाही. यादी मागण्याचा मजकूर ग्रुपवर टाकून ठेवलाय. त्यालाही अंगठे येतायत, पण मला जॉबकार्डचे फोटो हवे आहेत. आजवर तीन आले. त्यातला एक ताम्हिणीवाल्याचा आहे, डाव्या हाताने लिहिलेला.