पेटी आहे, चावी कुणाकडे?

इंग्रजीत ज्याला 'बुलिंग' म्हणतात त्याला मराठीत नेमका शब्दच नाही, असं परवा एका मुख्याध्यापकांनी मला ऐकवलं. म्हणजे आपल्याकडे तो प्रकारच नाही, असा एकूण सूर. म्हटलं, सर, शब्द भरपूर आहेत. दादागिरी आहे, छळ आहे, साधं 'त्रास देतात' आहे. पण शाळेच्या ऑफिसात यातला एकही चालत नाही. तिथे एकच शब्द चालतो, मस्ती. "अहो, पोरं आहेत, मस्ती करणारच."

या मस्तीचं एक उदाहरण सांगतो. गाव, शाळा, इयत्ता काहीच लिहीत नाही, कारण त्या माउलीने बोलायला सुरुवात करायच्या आधीच हात जोडले होते. "दादा, पेपरात नाव येऊ देऊ नका."

तिचा मुलगा बोलताना अडखळतो. तालुक्याच्या हायस्कूलला एसटीने येतो-जातो. सवलतीचा पास काढलेला, पैसे भरलेले. तरी दिवाळीनंतर पोरगा संध्याकाळी चालत घरी यायला लागला. सहा किलोमीटर. आईला आधी वाटलं बस चुकत असेल, मग वाटलं मित्रांबरोबर रमतगमत येत असेल. दोन महिन्यांत दुसरी चप्पल झिजली तेव्हा तिने खडसावून विचारलं. मागच्या बाकावरची चार-पाच पोरं त्याला रोज स्वतःच्या गावाचं नाव मोठ्याने म्हणायला लावायची. ते नाव सुरू होतं नेमकं त्याला जड जाणाऱ्या अक्षराने. नीट म्हणून होईपर्यंत दप्तर परत नाही. एकदा त्याचं शूटिंग झालं, ते वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलं, तिथे त्याचं स्टिकर झालं. बस रिकामी नसायची. बाजार करून परतणारी मोठी माणसंही असायची. तीही हसायची.

आई शाळेत गेली. शाळेने 'समज दिली'. म्हणजे काय, तर त्या पोरांना ऑफिसात उभं केलं, शेजारी यालाही उभं केलं, हात मिळवायला लावले, विषय संपला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये काय झालं असेल ते मी लिहायला नको.

मी त्या आईला विचारलं, शाळेत तक्रारपेटी आहे ना? तिने हाच प्रश्न मुलाला विचारला होता. तो म्हणाला, "आई, टाकताना सगळे बघतात. आणि सर अक्षर ओळखतात."

माझ्या मते सगळा विषय या दोन वाक्यांत आला.

पेट्यांचा आदेश नवा नाही. २०१७ मध्येच शासनाने शाळांना तक्रारपेटी लावायला सांगितलं होतं. मार्च २०२२ मध्ये सखी सावित्री समित्या आल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरचं प्रकरण झालं, लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा पेटी, समिती आणि सीसीटीव्ही हे सगळं पुन्हा एकदा आदेशात आलं. त्या महिन्यात आमच्याकडच्या वेल्डिंगवाल्यांना बरं काम मिळालं.

मधल्या काळात मी आसपासच्या पाच-सहा शाळा फिरलो. पेटी बहुतेक ठिकाणी होती, हे खरं. कुठे होती? मुख्याध्यापकांच्या दाराला लागून. एका ठिकाणी तर बरोबर पेटीवर कॅमेरा. म्हणजे चिठ्ठी टाकणाऱ्याचं रेकॉर्डिंग पक्कं. दुसरीकडे चावी क्लार्ककडे, क्लार्क रजेवर. एका सरांनी मात्र हौसेने उघडून दाखवली. आत वेफरचं पाकीट आणि 'आम्हाला खेळाचा तास द्या' अशी चिठ्ठी. सर म्हणाले, "बघा, एकही तक्रार नाही." (खेळाच्या तासाची चिठ्ठी ही तक्रार नव्हती म्हणे.)

रिकामी पेटी म्हणजे शाळेत सगळं आलबेल, असा हिशेब लावतात. मला ती मुलांचा विश्वास नसल्याची खूण वाटते.

आणि मस्तीचं म्हणाल, तर कायद्याला ती सबब मान्य नाही. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९चा आहे. तो मेडिकल-इंजिनिअरिंगच्या होस्टेलसाठीच आहे असा आपला समज. व्याख्या वाचून बघा. मुलाला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती किंवा लाज वाटेल असं वागणं, आणि त्यात चिडवणं, शिवीगाळ, धमकी, थट्टामस्करी हे सगळं धरलंय. वसतिगृह आणि शिकवणीवर्गही त्यात येतात. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, आणि कानाडोळा केला तर त्यालाही जबाबदार धरता येतं.

लगेच कुणी म्हणेल, मग घाला त्या पोरांना आत. नाही. तेरा-चौदा वर्षांच्या पोराच्या मागे पोलीस लावून काही साधत नाही, आणि त्याच्या हातात दाखला देऊन तर नाहीच. आठवीपर्यंत तसं काढून टाकता येतही नाही, शिक्षण हक्क कायदा आडवा येतो, आणि येतो ते बरंच आहे. मागच्या बाकावरच्या त्या पोरांपैकी एकाचं घर मला माहीत आहे. तिथे रोज संध्याकाळी काय चालतं तेही गल्लीला माहीत आहे. त्या पोराशीही कुणीतरी बसून बोलायला हवं, पण बळी पडलेल्याला शेजारी उभं करून नव्हे.

फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने 'किवा' नावाचा कार्यक्रम केला, तो तिथल्या बहुतेक शाळांत पोचला. त्याचा मुख्य भर बघणाऱ्या मुलांवर आहे. हसणारे हसायचे थांबले की दादाची मजा निम्मी संपते. आपल्या एसटीत हे आधी मोठ्यांना शिकवावं लागेल, तो भाग वेगळा.

यावरून एक आठवलं. पूर्वी मास्तर लोकही त्याच बसने अपडाऊन करायचे. गुरुजी पुढच्या बाकावर आहेत म्हटल्यावर मागचा बाक गप्प असायचा. आता चार शिक्षक मिळून एक गाडी करतात. त्यांना दोष देत नाही, बस वेळेवर येत नाही हे मीच दहा वेळा छापलंय. पण बसमधलं शाळेचं शेवटचं माणूस तेव्हा उतरलं, ते परत चढलं नाही. निदान मुख्याध्यापकांनी डेपोला एक पत्र द्यावं, कंडक्टरशी बोलावं, पहिले दोन बाक लहान मुलांना ठेवावेत. याला निधी लागत नाही.

पेटीचंही तसंच, खर्च शून्य. शनिवारी सकाळच्या शाळेत प्रत्येक मुलाला एक छापील चिठ्ठी द्या. बसमध्ये, मधल्या सुट्टीत, शिकवणीला, मोबाइलवर, असे चौकोन. खूण करायची, लिहायचं काही नाही, म्हणजे अक्षराचा प्रश्न मिटला. ज्याला काही सांगायचं नाही त्याने कोरी टाकायची. पण टाकायची सगळ्यांनी, म्हणजे कोण टाकतंय हे बघणाराच उरत नाही. आणि पेटी उघडताना शाळा व्यवस्थापन समितीतली एक आई समोर बसलेली हवी. त्या समितीत पाऊण हिस्सा पालकांचा असतो, हे कित्येक पालकांनाच माहीत नाही. सह्या मात्र असतात.

पुढच्या आठवड्यापासून आमच्याकडे पालकसभा सुरू होताहेत. जाल तेव्हा पोषण आहार आणि गणवेशाचं विचारून झालं की पेटी शेवटची कधी उघडली तेवढं विचारा, आणि तारीख रजिस्टरमध्ये बघायला मागा. उत्तर काय मिळालं ते मला इनबॉक्समध्ये कळवा. शाळेची नावं मी छापणार नाही, पण तारखा छापीन. मुलांचे फोटो पाठवू नका. आणि एखाद्या पोराचं आत्ताच अडलं असेल तर माझी वाट बघू नका, १०९८ लावा, फुकट आहे.