खुडूक कोंबडी एकटी बसवू नका



आजचा संदेश भाताचा नाही, भाजीचाही नाही. गावठी कोंबडीचा आहे. थोडा मोठा आहे, पण घरात कोंबड्यांचं जी ताई, मावशी किंवा आजी बघते तिला नक्की वाचून दाखवा. कारण हे काम तिचं आहे आणि त्याचे पैसेही तिच्याच हातात येतात.

"कंपनीने अंडी उबवायचं मशीन घ्यावं," असं बरेच सभासद सुचवतात. माझं मत स्पष्ट सांगते. ज्याला दर महिन्याला शे-दोनशे पिल्लं काढायची आहेत, त्याने मशीनचा विचार जरूर करावा. पण ज्यांच्या दारात पाच-दहा कोंबड्या आहेत, त्यांच्याकडे मशीन आधीच आहे. तिला आपण खुडूक कोंबडी म्हणतो आणि बिनकामाची समजतो. मशीनला २१ दिवस साडेसदतीस अंशांच्या आसपास उष्णता लागते, ओलावा सांभाळावा लागतो, अंडी दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात. मध्येच लाईट गेली की जीव टांगणीला. कोंबडी हे सगळं मूठभर दाण्यावर करते.

तरीही पाड्यावर हिशोब जमत नाही, हे खरं आहे. बारा अंडी ठेवली, नऊ पिल्लं निघाली आणि महिन्याभराने दोन-तीन उरली, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. दोष कोंबडीचा नाही. तिने तिचं काम केलं. पिल्लं जातात ती नंतर : घार, मांजर, मुंगूस आणि सगळ्यात जास्त मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने.

मानमोडीवर लस आहे. मग आपण देत का नाही? कारण लासोटा लसीची लहान बाटलीही साधारण १०० डोसची येते. एकदा पाण्यात मिसळली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. नऊ पिल्लांसाठी १०० डोस कोण आणणार? म्हणून कोणीच आणत नाही, आणि रोग आला की अख्खा पाडा रिकामा होतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच : *कोंबडी एकटी बसवू नका. आठ-दहा घरांनी मिळून एकाच आठवड्यात बसवा.* पिल्लं एका वयाची झाली की एका बाटलीत सगळ्यांचं काम होतं.

"पण ताई, कोंबडी काय आपल्या सांगण्यावर खुडूक होते का?" बरोबर आहे, नाही होत. पण थांबवता येते. जी आधी बसली तिच्याखाली तीन-चार खोटी अंडी ठेवा. उकडलेलं अंडं किंवा प्लास्टिकचा चेंडूही चालतो. आठवडाभर ती त्यावर बसून राहते. त्याहून जास्त ताणू नका, बसलेली कोंबडी कमी खाते आणि वाळते. तोवर चांगली अंडी थंड जागी, टोकदार बाजू खाली करून साठवा. सात दिवसांपेक्षा जुनं अंडं बसवायला घेऊ नका. मग ठरलेल्या दिवशी संध्याकाळी सगळ्या घरांत एकदम अंडी ठेवा, एका कोंबडीखाली १० ते १२. त्याहून जास्त ठेवली तर कडेची गार पडतात.

बसवण्याआधी तिच्या पंखांखाली उवा-पिसवा आहेत का बघा. उवांनी हैराण झालेली कोंबडी अंडी टाकून उठते. टोपलीत खाली राख, वर कोरडा पेंढा. काही घरांत वीज कडाडली की अंडी बिघडतात म्हणून टोपलीत कोळसा किंवा लोखंडाचा तुकडा ठेवतात. ठेवायचा तर ठेवा, त्याने बिघडत काही नाही. पण दाणा-पाणी जवळ ठेवायला विसरू नका. दिवसातून एकदा ती पंधरा-वीस मिनिटं उठली तर घाबरू नका, तिला उठायलाच हवं.

आता तुमच्या मोबाईलचं काम. सातव्या दिवशी रात्री अंधारात टॉर्च लावा, पुठ्ठ्याला छोटं भोक पाडून त्यावर अंडं धरा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं चांगलं. एकदम स्वच्छ दिसलं तर त्यात पिल्लू नाही, काढून टाका. इथेही एकत्र बसवल्याचा फायदा होतो. तीन कोंबड्यांची चांगली अंडी दोघींखाली मावत असतील तर तिसरीला मोकळी करा.

पिल्लं निघाल्यावरही तेच. तीन घरांत मिळून २७ पिल्लं निघाली तर दोन आया पुरतात. पहिल्या एक-दोन दिवसांतच, रात्रीच्या अंधारात दुसरीची पिल्लं पोटाखाली सरकवा. सकाळी ती आपलीच समजते. मोकळी झालेली कोंबडी काही आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येते. गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते, त्यात प्रत्येक वेळी दोन-दोन महिने पिल्लांमागे गेले तर अंडी कधी देणार? कोणाची पिल्लं किती, हे आधीच वहीत लिहून ठेवा. नाहीतर शेजारणीशी भांडण ठरलेलं.

पहिले चार आठवडे पिल्लं मोकळी सोडू नका. दिवसा डालग्याखाली किंवा जाळीत, सोबत आई. नुसत्या कणीवर पिल्लू वाढत नाही. पिल्लांचं खाद्य द्या, जमेल तशी वाळवी द्या. पाणी उथळ ताटलीत, आत दोन-चार खडे टाकून.

लस पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौथ्या आठवड्यात पुन्हा. देवीची लस त्यानंतर, सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर. लस बर्फातच आणायची. तारीख ठरली की जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवा.

वेळ कोणती? संक्रांतीच्या आसपास बसवली तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पिल्लं. पावसाच्या आत ती मोठी होतात, ओलीत मरत नाहीत. आखाडात, गटारीच्या तोंडावर, पाच महिन्यांचे कोंबडे हातात असतात. येऊरच्या पाड्यांपासून मलंगगडाच्या पायथ्यापर्यंत आपल्या चारी बाजूंना टॉवर उभे राहिले. त्यात शेती गेली, पण गावठी कोंबडा मागणारं गिऱ्हाईकही त्याच टॉवरमध्ये आहे. एका वयाचे पन्नास कोंबडे असतील तर भाव आपण सांगू. एक-दोन असतील तर दारात आलेला व्यापारी सांगेल.

शेवटची गोष्ट, आणि मला सगळ्यात काळजी हिचीच आहे. खुडूक झालेल्या कोंबडीला पाण्यात बुडवणं, टांगणं, नाकात पीस घालणं बंद करा. बसवायची नसेल तर तीन-चार दिवस उंचावर, हवेशीर जाळीच्या पिंजऱ्यात दाणा-पाणी देऊन ठेवा, ती सुटते. आणि चांगली बसणारी कोंबडी विकू नका. गिरीराज, वनराज अंड्याला चांगले आहेत, पण त्यांच्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. दारात सगळे कोंबडे त्याच जातीचे ठेवले तर पुढच्या पिढ्यांत बसणारी कोंबडीच राहणार नाही. मग प्रत्येक पिल्लू विकत घ्यावं लागेल. दर पाड्यावर एक तरी अस्सल गावठी कोंबडा राखा.

बाहेरून पक्षी आणलाच तर १५ दिवस वेगळा ठेवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला होता. एकदम जास्त मरतूक झाली तर लपवू नका. मेलेले पक्षी विकू-खाऊ नका, लगेच दवाखान्यात कळवा.

ज्या पाड्यांना संक्रांतीला एकत्र बसवायचं आहे, त्यांनी घरं किती आणि कोंबड्या किती एवढंच या नंबरवर लिहून पाठवा. लसीची तारीख आपण मिळून ठरवू.

तुमची कृषी सल्लागार,
मानपाडा