सोयीपुरता पुरावा

आयुर्वेदाला चिकित्सालयीन पुराव्याची आवश्यकता आहे किंवा नाही, हा वाद आमच्या मते आता निरर्थक झाला आहे. औषधांच्या माहितीपत्रकांत आणि अधिवेशनांच्या व्यासपीठांवरून संशोधनाचे दाखले आपण मुक्तहस्ते देतोच. प्रश्न उरतो तो हे दाखले आपण कसे निवडतो याचा.

गुग्गुळाचे उदाहरण घ्यावे. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनाचा आधार घेऊन डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात १९६६ साली आपला शोधप्रबंध सिद्ध केला. पुढे गुग्गुलिपिड हा प्रमाणित अर्क बाजारात आला आणि त्यावरील भारतीय अभ्यासांचे अनुकूल निष्कर्ष आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. २००३ साली अमेरिकेत १०३ व्यक्तींवर याच अर्काचे यादृच्छिक, प्लासिबो-नियंत्रित परीक्षण झाले. आठ आठवड्यांनंतर प्लासिबो घेणाऱ्यांचे एलडीएल कोलेस्टेरॉल सुमारे ५ टक्के घटले होते. अर्क घेणाऱ्यांचे ४ ते ५ टक्के वाढले होते. काहींच्या अंगावर पुरळही उठले.

यावर वैद्यवर्गातून जे उत्तर आले ते परिचित आहे. तो अर्क होता, त्रिफळा क्वाथात शोधन केलेला गुग्गुळ नव्हता. प्रकृती, अग्नी, अवस्था यांचा विचार झालाच नाही. हा आक्षेप शास्त्रशुद्ध आहे. परंतु ज्या अनुकूल अभ्यासांचे दाखले आपण तोपर्यंत देत होतो, तेही त्याच अर्काचे होते! प्रतिकूल निष्कर्ष आला की अर्क परका, अनुकूल आला की तो आपला, हा न्याय कोणत्या प्रमाणशास्त्रात बसतो? चरकाचार्यांनी आप्तोपदेशाबरोबर प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती ही प्रमाणे सांगितली. त्यांतील एकही असा पक्षपात मान्य करणार नाही.

याउलट क्षारसूत्र. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने भगंदरावर केलेले बहुकेंद्री यादृच्छिक परीक्षण १९९१ साली प्रसिद्ध झाले. ५०२ रुग्ण, एका बाजूस क्षारसूत्र, दुसऱ्या बाजूस शस्त्रक्रिया. व्रण भरण्यास क्षारसूत्राने साधारण आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. मात्र वर्षभरानंतर पुनरुद्भव क्षारसूत्राच्या गटात ४ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात ११ टक्के आढळला. आपल्या व्याख्यानांतून चार आणि अकरा हे आकडे हमखास येतात. आठ आणि चार क्वचितच. रुग्णास दोन्ही सांगितले पाहिजेत, कारण दर आठवड्यास सूत्र बदलून घेण्याचा त्रास त्यालाच सोसायचा असतो.

हे परीक्षण इतके निर्णायक का ठरले, हेही पाहण्यासारखे आहे. स्नुहीक्षीर, अपामार्ग क्षार आणि हरिद्रा यांचे एकूण २१ लेप दिलेले सूत्र ही निश्चित वस्तू होती, आणि रुग्णांचा मागोवा वर्षभर घेतला गेला. आपल्याकडील कित्येक पदव्युत्तर प्रबंधांत तीस रुग्ण, तीस दिवस आणि शेवटी ‘उत्तम उपशय’ असे कोष्टक असते. तुलनेचा गट नसतो. एकतिसाव्या दिवशी रुग्णाचे काय झाले, ते कोणासच ठाऊक नसते.

प्रत्येक रुग्णाची चिकित्सा भिन्न, म्हणून आयुर्वेदाचे असे परीक्षण होऊच शकत नाही, हे म्हणणेही आता टिकत नाही. कोइंबतूर येथे संधिवाताच्या ४३ रुग्णांवर दुहेरी अंध पद्धतीने केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात वैद्यांनी प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र औषधयोजना केली आणि तुलना मेथोट्रेक्सेटशी झाली. परिणाम जवळजवळ सारखे आले. ४३ ही संख्या लहान आहे, त्यामुळे ‘मेथोट्रेक्सेटला पर्याय सापडला’ असे कोणी म्हणू नये. पद्धत मात्र सापडली. गुडघ्याच्या संधिगतवातावरील ४४० रुग्णांचे, पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांच्या नेतृत्वाखालील २०१३ चे परीक्षणही अनुकूल होते. त्याच निबंधात काही रुग्णांचे एसजीपीटी वाढल्याची नोंद लेखकांनी स्वतःहून केली आहे. तो निबंध पुढे करून योग विकणाऱ्याने ही ओळ गाळू नये.

औषधनिर्मात्यांशी येथे थोडे स्पष्ट बोलावे लागेल. २०१० च्या नियम १५८-ब अन्वये शास्त्रोक्त योगास ग्रंथोक्त अधिकारासाठी स्वतंत्र सुरक्षा-अभ्यास द्यावा लागत नाही. ही सवलत योग्यच आहे. पण ती ग्रंथातील योगास आहे. द्रव्य बदलून, भावना कमी करून, केवळ नाव तेच ठेवलेल्या गोळीस ती कशी लागू व्हावी? एकाच नावाचा गुग्गुळ कल्प दोन फार्मस्यांचा घेतला तर रुग्णास निराळा अनुभव येतो, ही तक्रार प्रत्येक वैद्याने ऐकलेली आहे. असे असता कोणत्या गोळीचा गुण आला, हे नोंदवणार तरी कसे?

म्हणून आमची सूचना साधी आहे. वैद्याने केसपेपरवर योगाच्या नावापुढे निर्मात्याचे नाव व बॅच क्रमांक लिहावा, गुण न आलेल्या आणि उपद्रव झालेल्या रुग्णांचीही नोंद ठेवावी, आणि शक्य तेथे वर्षभराने रुग्णास पुन्हा बोलवावे. निर्मात्याने कच्च्या द्रव्याची ओळखचाचणी आणि प्रत्येक बॅचचा नमुना, औषधाची मुदत संपेपर्यंत, मागेल त्या वैद्यास दाखवावा. संघटनेच्या जिल्हा शाखांनी प्रथम एकच व्याधी निवडावी. आम्ही अर्श सुचवू, कारण त्याचे रुग्ण सर्वत्र आहेत आणि रक्तस्राव थांबला की नाही, हे रुग्णच सांगू शकतो.